वर्षातलं तिसरं बोलावणं

भिंती धुणारी पंपवाली कुणाच्या घरी गेली की आधी भिंत बघायची नाही, माणूस बघायची. भिंत काय, ती कुठे पळून जात नाही, असं तिचं म्हणणं. माणूस मात्र दारात उभा राहून कसा हसतो, नळ कुठे आहे ते दाखवायला किती वेळ लावतो, आणि ‘मागच्याच वर्षी नीट धुवून घेतली होती हो’ असं कुणी विचारलेलं नसताना का सांगतो, यावरून ती आपला अंदाज बांधायची. न विचारता सांगितलेल्या गोष्टीमागे काहीतरी काळंबेरं असतंच, हा तिचा सिद्धांत होता. तो तिने नवऱ्यापासून साबणाच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांना लावून पाहिला होता. नवरा आता हयात नव्हता. त्याचा पाण्याचा पंप, लांबलचक पाइप, शिडी आणि उंच दांड्याचे ब्रश तिच्या वाट्याला आले होते, आणि त्याचा धाकटा भाऊ हे सगळं टेम्पोत घालून तिला घरोघर नेत होता.

या दिराला ती भावजी म्हणायची. भावजी तिला वहिनी म्हणायचे आणि पाठीमागे शंकासुर. समोरसुद्धा म्हणायचे, पण पंप चालू असताना, म्हणजे शब्द आवाजात बुडून जावा. “वहिनी, तुम्ही देवाकडेसुद्धा प्रसादाची पावती मागाल,” असं ते एकदा म्हणाले होते. यावर ती म्हणाली होती, “देईल का पण?”

गाव असं की हवा पिळली तर पाणी निघावं. काडेपेटी मऊ पडायची, मीठ बरणीतच पाघळायचं, आणि कपाटात ठेवलेले चांगले बूट वापरायला काढावेत तर आधीच त्यांच्यावर पांढरी बुरशी चढून बसलेली. घरांच्या बाहेरच्या भिंतींची तर गोष्टच नको. आधी खालच्या बाजूला पोपटी रंगाची झाक यायची, मग ती गडद हिरवी व्हायची, आणि तिकडे कुणी लक्ष दिलं नाही की काळे ओघळ उतरायचे. अशा गावात भिंत किती वेळा धुवावी यावर प्रत्येकाचं मत होतं आणि प्रत्येकाचं चुकीचं होतं, असं पंपवालीला वाटायचं. काही जण घर बांधल्यापासून भिंतीला पाणी लावत नसत. काही जण दर महिन्याला पाइप घेऊन भिंतीच्या मागे लागत. पहिल्यांचा तिला राग यायचा आणि दुसऱ्यांचा संशय.

तिचा नियम साधा होता. उन्हाची भिंत वर्षातून एकदा, सावलीची दोनदा, पावसाच्या आधी आणि पाऊस संपल्यावर. त्याहून जास्त धुतलं तर पाण्याच्या माऱ्याने रंग भुसभुशीत होतो, गिलाव्याची बारीक भोकं उघडी पडतात, त्यांत ओल मुरते आणि शेवाळ आधीपेक्षा लवकर येतं. हे ती सगळ्यांना सांगायची. म्हणून वर्षात तिसऱ्यांदा बोलावणारं माणूस दिसलं की तिच्या मनात पाल चुकचुकायची. तिसऱ्यांदा बोलावणाऱ्याला भिंत धुवून नको असते, दुसरंच काहीतरी हवं असतं. एका गृहस्थाने तिसऱ्यांदा बोलावलं ते वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या कुंड्या पाण्याच्या फवाऱ्याने ‘चुकून’ पडाव्यात म्हणून. एका बाईने बोलावलं ते व्याही यायचे होते म्हणून, आणि व्याह्यांसमोर ‘आमच्याकडे दर महिन्याला धुतात’ असं पंपवालीच्याच तोंडून वदवून घ्यायचा तिचा बेत होता. पंपवालीने व्याह्यांना नियम सांगितला आणि त्या घराचं काम कायमचं गेलं.

अशात कोपऱ्यावरच्या घरातून तिसरं बोलावणं आलं.

एकाला एक लागून, उंच जोत्यावरच्या बैठ्या घरांची ती एक स्वच्छ, सरळ गल्ली होती. कोपऱ्यावरच्या घरात एक वयस्क काकू आणि त्यांचा खुर्चीला खिळलेला नवरा राहायचा. त्यांची उत्तरेची भिंत एका दाट झाडाच्या सावलीत होती. पंपवालीने ती पावसाआधी धुतली होती, पावसानंतर धुतली होती, आणि दुसऱ्यांदा धुतली तेव्हा ती अशी निघाली होती की भावजींनी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवला. आता महिना-दीड महिना होतो न होतो तोच काकूंचा फोन. “अगं, पुन्हा हिरवी झाली बघ. ये ना.” आवाजात तक्रार नव्हती. तक्रार नसणं हेच पंपवालीला खटकलं.

एरवी तिने एक भिंत सोडून दिली असती. पण या गल्लीत तिचा जीव अडकला होता. गल्लीतल्या सगळ्या घरांनी मिळून बाहेरच्या भिंतींचं काम एकाच हाती द्यायचं ठरवलं होतं, दर वर्षी, कायमचं. गल्लीचे चिटणीस, एक छत्रीशिवाय न दिसणारे उंच गृहस्थ, तिला स्पष्टच म्हणाले होते, “बाई, काम तुम्हालाच द्यावं असं माझं मत आहे. पण समोरचा रंगवाला म्हणतो, धुण्यापेक्षा जाड रंगाचा थर देऊन टाका. कोपऱ्यावरची भिंत सगळ्यात अवघड. ती टिकली की तुमचं काम पक्कं. नाही टिकली तर मला लोकांना तोंड द्यायचंय.” हे काम मिळालं असतं तर दारोदार ‘भिंत धुवायची का’ विचारत फिरणं संपलं असतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिचं नाव. नवरा गेल्यावर बाई कसली शिडीवर चढतेय म्हणून हसणाऱ्यांना तिने एकेक भिंत दाखवून गप्प केलं होतं. तिचं धुतलेलं टिकतं, एवढी एकच गोष्ट तिच्याकडे होती, आणि ती आता एका भिंतीवर येऊन अडकली होती.

तिसऱ्यांदा तिने जीव ओतून काम केलं. खालून वर औषध लावलं, ते मुरू दिलं, मऊ ब्रशने घासलं, मग वरून खाली हलक्या फवाऱ्याने धुतलं. औषध म्हणजे शेवाळ मारायचं पाणी, ते ती स्वतःच्या हाताने कालवायची. काम होईपर्यंत काकू घरात आत कुठेतरी होत्या. शिडी खिडकीपाशी होती, आणि काचेपलीकडे खुर्चीत म्हातारे काका बसलेले तिला दिसले. ती खिडकी धुताना त्यांनी डावा हात जरा उचलला. माशी हाकलत असतील, असं तिला वाटलं.

भिंत पुन्हा लख्ख झाली. आणि पुन्हा महिनाभरात काकूंचा फोन आला.

आता मात्र पंपवालीची झोप उडाली. पहिला संशय अर्थातच घरातल्या माणसावर, कारण तो हाताशी असतो. औषधाचे कॅन टेम्पोत असायचे आणि टेम्पो भावजींच्या ताब्यात. सकाळी भावजी टेम्पो पुसत होते, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“भावजी, औषधात पाणी कोण घालतं?”

“तुम्हीच घालता की. कालवता तेव्हा.”

“त्याच्या आधी.”

भावजींनी फडकं पिळलं, झटकलं, आरशावर वाळत घातलं. एवढं सगळं सावकाश करून झाल्यावर ते म्हणाले, “म्हणजे मी औषध बाहेर विकतो आणि कॅनमध्ये पाणी भरून ठेवतो, असं का?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“नाही कसं? तेच म्हटलंत.” आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी चढवला नाही. “दादा गेल्यापासून या टेम्पोत दुसऱ्या कुणाचं पोतंसुद्धा टाकलं नाही मी. असो. कुठे जायचंय आज?”

त्या दिवसापासून भावजी फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ बोलायला लागले. पंप चालू असतानाही शंकासुर म्हणेनात. पंपवालीने एक कॅन उघडून औषध फरशीच्या शेवाळावर टाकून पाहिलं. शेवाळ बघता बघता पिवळं पडलं, म्हणजे औषध चोख होतं. तिला वाईट वाटलं, पण सांगायला जीभ रेटेना. तिने आपला संशय उचलला आणि रंगवाल्याच्या दारात नेऊन ठेवला.

रंगवाल्याने तिला बघताच खुर्ची दिली. एवढ्यावरच तिची खात्री पटली. प्रतिस्पर्ध्याला खुर्ची कोण देतं? तो म्हणाला, “बाई, तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये मला. पण लोक विचारतात ना, धुवून टिकत नाही तर काय करायचं.” हेही न विचारता सांगितलेलं. ती दुकानातल्या डब्यांवरून नजर फिरवत बसली, जणू कुठल्यातरी डब्यावर ‘शेवाळाचं बी’ असं लिहिलेलं सापडणार होतं. तसं काही नव्हतं. निघताना त्याने तिला एक नवा मऊ ब्रश भेट दिला आणि तो तिने घरी येऊन तीन वेळा गरम पाण्याने धुतला.

शेवटी ती भिंतीकडेच गेली. पंप न घेता, भावजींना न सांगता, नुसती बघायला. आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं की हे शेवाळ शिस्तीत आलेलंच नाही. शेवाळाची एक चाल असते. ते खाली जमिनीलगत येतं, जिथे पावसाचे शिंतोडे उडतात. वरच्या पन्हळीला गळती असेल तर तिच्याखाली येतं. इथे जमिनीलगतची भिंत कोरी होती, पन्हळ ठणठणीत होती, आणि हिरवा-काळा पट्टा सुरू होत होता तो थेट खिडकीच्या चौकटीखालून, मधोमध. तिथून तो ओघळत खाली आला होता. पंपवालीने नाक जवळ नेलं. आंबट वास. ती इतकी वर्षं भिंतींना नाक लावत होती, पण ताकाचा वास देणारी भिंत तिला पहिल्यांदाच भेटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेजारच्या पाण्याच्या टाकीआड जाऊन उभी राहिली. आपण काय करतोय याची तिला अजिबात लाज वाटली नाही, उलट जरा बरंच वाटलं. किती दिवसांनी तिचा संशय सरळ रस्त्याला लागला होता. ऊन झाडाच्या शेंड्यावर आलं तेव्हा खिडकीचं एक दार उघडलं. बांगड्यांचा एक हात बाहेर आला, हातात मोठा कप. कप वाकडा झाला आणि पांढरट धार चौकटीच्या कडेने भिंतीवर उतरली. हाताने इकडून तिकडे नीट फिरवून ओतलं, कुठे कोरडं राहू नये म्हणून. मग तो हात आत गेला आणि खिडकी बंद झाली.

पंपवाली घंटी वाजवायलाही थांबली नाही. दार ढकलून थेट स्वयंपाकघरात गेली. काकू तोच कप विसळत होत्या.

“काकू, भिंतीला ताक पाजताय?”

काकूंच्या हातातून कप निसटून मोरीत पडला. फुटला नाही. त्यांनी तो उचलला, पुन्हा विसळला, पालथा घातला. मग म्हणाल्या, “चहा टाकते.”

“चहा नको. रंगवाल्याने सांगितलं का हे?”

“कोण रंगवाला?”

“मग चिटणिसांनी? माझं काम काढून घ्यायचं असेल तर तोंडावर सांगा. हे असलं पाठीमागून नको. तुमच्या एका भिंतीपायी माझं सगळीकडे नाव जातंय, कळतंय का तुम्हाला? मी घरच्या माणसाला चोर ठरवून बसले.”

काकू स्टुलावर बसल्या. पदराने हात पुसत राहिल्या, हात कधीचे कोरडे झाले होते तरी. “मला कुणी सांगितलं नाही गं. मागे एकदा नासलेलं दही मागच्या कठड्यावर सांडलं होतं. तिथे चार दिवसांत कसलं हिरवं आलं. त्यावरून सुचलं.”

“पण कशाला?”

काकूंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. “यांच्यासाठी.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काका आयुष्यभर गोदीत होते. वर क्रेन चालवणाऱ्याला खालचं काही दिसत नाही, म्हणून खाली उभं राहून त्याला हातांनी खुणा करणारा एक माणूस लागतो. डावीकडे, उजवीकडे, हळू, वर, बस. ते काम काकांचं. झटका आला तेव्हा उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, आणि त्याहून वाईट म्हणजे कशातलंच लक्ष गेलं. टीव्ही लावला तरी भिंतीकडे बघणार. मुलगा फोनवर दिसला तरी डोळे दुसरीकडे. डॉक्टर म्हणाले, कळतं किती ते सांगता येत नाही. मुलगा म्हणाला, बाबांना काही कळत नाही आई, घर विकू, माझ्याकडे चल, त्यांना कुठेही ठेवलं तरी सारखंच.

“आणि तू पावसानंतर आलीस,” काकू म्हणाल्या. “शिडीवर चढून खिडकी धुत होतीस. मी ताट घेऊन दारात आले तर यांचा हात वर. तुला खूण करत होते. डावीकडे, डावीकडे, असं. त्या दिवशी स्वतःच्या हाताने जेवले गं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गप्प. मी वाट बघितली, पुन्हा हात उचलला नाही. मग तुला बोलवायचं तर भिंत घाण व्हायला हवी ना.”

“मला नुसतं सांगायचं.”

“काय सांगायचं? माझ्या नवऱ्याला बघायला म्हणून स्वच्छ भिंत धुवायला ये? आली असतीस?”

पंपवालीने खरं तेच सांगितलं. “नसते आले. म्हटलं असतं, या बाईच्या मनात काहीतरी वेगळंच आहे.”

“आणि कुणाला कळलं की मी भिंतीवर ताक ओततेय, तर?” काकूंचा आवाज बारीक झाला. “चिटणिसांकडे मुलाचा नंबर आहे. नळ गळला तरी ते त्याला फोन करतात. तो म्हणेल, बाबा गेलेच होते, आता आईचंही डोकं फिरलं. उचलून घेऊन जाईल दोघांना. दहाव्या मजल्यावर. तिथे खिडकीबाहेर आभाळाशिवाय काय दिसणार यांना?”

कुणालाही पाझर फुटावा असंच हे सगळं होतं, आणि म्हणूनच पंपवालीचा त्यावर विश्वास बसेना. रडवणारी गोष्ट ऐकली की ती आधी पदर आवळून बसायची. म्हातारा माणूस हात हलवतो, त्यात काय? हात हलतो म्हणून हलत असेल. बायको त्यात हवा तो अर्थ भरते. आणि बायकोला अर्थ भरायला वेळच वेळ आहे, पण नाव माझं जातंय. तिने भावजींना फोन करून पंप मागवला. काकूंना म्हणाली, “भिंत धुते. पण तुम्ही खोलीत थांबायचं नाही. त्यांना काही सांगायचं नाही, खुणावायचं नाही. इथेच बसायचं.”

भावजी आले. का, कशाला, काही न विचारता त्यांनी पाइप जोडला. पंपवाली शिडी चढून खिडकीसमोर गेली. आत खुर्चीत काका बसले होते. गालावर दाढीचे खुंट वाढलेले, डोळे कशावरच न ठरलेले. तिने पंप सुरू करायला सांगितलं. काचेवर पाणी पडलं तसे ते डोळे वळले.

तिने काचेला साबण लावला आणि मुद्दाम वाकडंतिकडं धुवायला सुरुवात केली. डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून उठला. डावीकडे. ती डावीकडे गेली. बोटं खाली वळली. ती खाली आली. योगायोग, तिने मनाशी म्हटलं. मग तिने सगळी काच स्वच्छ केली आणि वरच्या कोपऱ्यात साबणाच्या फेसाचा एक डाग तसाच ठेवला, तळहाताएवढा. ब्रश खांद्यावर टाकला, शिडीची एक पायरी उतरली, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहिली.

काकांचं बोट वर गेलं. वर, कोपऱ्याकडे. तिने न पाहिल्यासारखं केलं आणि आणखी एक पायरी उतरली. बोट पुन्हा वर गेलं, या वेळी जोरात. मग त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला. पुन्हा आपटला. चेहरा लाल झाला, तोंडाची चांगली बाजू वाकडी झाली, आणि तोंडातून आवाज आला, शब्द नव्हता, पण असला निष्काळजी माणूस कामावर कुणी घेतला, हा राग त्यात पुरेपूर होता. पंपवाली वर चढली. तिने तो कोपरा धुतला, फडक्याने कोरडा केला. काकांनी तळहात आडवा धरला. बस. आणि मग ते मागे टेकले, काम नीट झाल्यावर माणूस टेकतो तसे.

ती शिडीवरून खाली आली. चोर पकडायला गेलेली बाई स्वतःच पकडली गेली होती, आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला. पंप बंद करून ती भावजींजवळ गेली.

“औषध चोख होतं, भावजी.”

भावजींनी तिच्याकडे पाहिलं. “ही माफी समजायची का?”

“समजा.”

“शंकासुराची माफी म्हणजे जपून ठेवली पाहिजे,” ते म्हणाले, आणि या वेळी पंप बंद होता.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी छत्री दिसली. चिटणीस येत होते आणि त्यांच्या मागे हातात मापाची टेप घेतलेला रंगवाला. चिटणिसांनी भिंतीजवळ येऊन छत्रीच्या टोकाने खिडकीखालचा हिरवा पट्टा खरवडला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“बाई, पुन्हा?” चिटणीस म्हणाले. “मी तुमच्या बाजूने बोलत होतो हो. काकू, तुम्हीच सांगा, हिचं धुतलेलं किती दिवस टिकतं?”

काकू दाराची चौकट धरून पंपवालीकडे बघत होत्या.

“बरं, मग बाई, तुम्ही सांगा,” चिटणीस म्हणाले. “काहीतरी कारण असेलच. मला गल्लीला सांगायला काहीतरी द्या. कारण पटलं तर अजूनही काम तुमचंच आहे.”

कारण पंपवालीच्या जिभेवर होतं. एक वाक्य, तेही खरं. ते बोललं की गल्ली तिची होती आणि नाव धुतल्या भिंतीसारखं लख्ख. रंगवाल्याने टेप मुठीत धरून ठेवली होती, तोही ऐकायला थांबला होता. तिने वर पाहिलं. काचेआड काका पुढे झुकले होते. पंप बंद का पडला, हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी हात वर केला आणि एक बोट गोल गोल फिरवायला लागले. चालू करा. काय उभे राहिलात, चालू करा.

“माझंच औषध कमी पडलं,” पंपवाली म्हणाली. “सावलीची भिंत मला नाही जमत.”

भावजींच्या हातातून पाइपचं तोंड खाली पडलं.

चिटणिसांनी मान हलवली. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. “प्रामाणिकपणे सांगितलंत हे बरं केलंत. पण मग मला दुसरा मार्ग नाही.” रंगवाला पुढचं घर मापायला निघाला. जाताना तो पंपवालीला काहीतरी समजुतीचं बोलला आणि या वेळी तिला त्यात काही काळंबेरं दिसलं नाही, नुसतं ऐकून वाईट वाटलं.

ते दोघे दूर गेल्यावर भावजी म्हणाले, “वहिनी, हे काय बोललात? सगळं गेलं की हातचं.”

“गेलं. पंप चालू करा.”

मग तिने ती भिंत धुतली. खिडकीआडच्या हाताने सांगितलं तशी, डावीकडे म्हटलं तर डावीकडे, हळू म्हटलं तर हळू. मध्येच तिचे डोळे भरून आले, पण तोंडावर एवढं पाणी उडत होतं की कुणाला कळायचं कारण नव्हतं. गल्ली गेल्याचं दुःख होतंच. ते तिने नाकारलं नाही.

काम संपल्यावर काकू बाहेर आल्या. “तू का केलंस गं असं?”

“ते जाऊ दे. ताक ओतायचं बंद करा. भिंत आतून सडेल आणि खोलीत ओल येईल, त्यांच्या छातीला बरी नाही. महिन्याला एकदा नुसता फोन करा. पंप अगदी मंद ठेवीन, काच धुईन. भिंतीला ब्रश लावणार नाही.”

“पण लोक विचारतील ना,” काकू म्हणाल्या. “चिटणीस तर पहिले विचारतील. भिंत दिसायला स्वच्छ, आणि महिन्या-महिन्याला धुवून कशाला घेता म्हणून. काय सांगू त्यांना?”

पंपवाली पाइपचं वेटोळं खांद्यावर घेत होती.

“सांगा, हिच्या हाताला गुणच नाही. धुतलेलं टिकत नाही, म्हणून सारखं बोलवावं लागतं.”